बारा टक्क्यांची बाटली

पांढरे केस ब्लीच न करता सोनेरी करता येतात. हे खरं आहे, आणि मला फसवलं ते याच खऱ्या गोष्टीच्या आधारानं. पांढऱ्या केसात रंगद्रव्य उरलेलंच नसतं. काढून टाकायला काही नाही, वरून हवा तो फिकट रंग चढवला की झालं. पार्लरवालीनं मला हे सांगितलं तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. फक्त माझं डोकं सगळं पांढरं नव्हतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

मी डोंबिवलीत राहते. एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशला. चाळिशीपासून काळी मेंदी लावत आले, दर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, जुना गाऊन घालून. निवृत्त झाल्यावर त्याचाही कंटाळा आला नि सोडून दिली. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. दोन वर्षांत पांढरे खांद्यापर्यंत उतरले, खाली चार बोटं जुनी काळी मेंदी तेवढी राहिली. शिवाय मानेवरचे आतले केस अजून माझे स्वतःचे काळे. समोरून आरशात पाहिलं की मी पूर्ण पांढरी, मागून बघणाऱ्याला बगळा आणि कावळा एकाच फांदीवर.

त्यात आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. त्यानं पांढऱ्या केसांवर जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट झाक आलेली. भाच्याचं लग्न नोव्हेंबरात ठरलं, तेव्हा वाटलं, पिवळं दिसायचंच आहे तर जरा धड सोनेरी तरी दिसावं. आमचे हे म्हणाले, "आहेत तसे बरे आहेत." पण ते गेली तीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात, त्यामुळे लक्ष दिलं नाही.

स्टेशनकडे जाताना एक नवं पार्लर लागतं. बाहेर फलक होता, 'पांढऱ्या केसांसाठी हर्बल गोल्डन टिंट. नो ब्लीच, नो अमोनिया.' आत गेले. मालकीणबाई पस्तिशीच्या, बोलायला गोड.

"काकू, तुमचे केस तर आयतेच पांढरे आहेत. ब्लीच कशाला लागतंय? जडीबुटीचा रंग आहे, नुसता चढवायचा."

"आणि हे खालचे काळे? त्यावर पूर्वीची काळी मेंदी आहे हं, आणि मानेवरचे मुळातच काळे आहेत."

"तेही होतील ना. हर्बल सगळ्यावर बसतं."

इथं मला उठायला हवं होतं. साधी गोष्ट आहे. काळ्या साडीला पिवळा रंग द्यायला कुणी रंगाऱ्याकडे टाकत नाही. आधी तिचा काळा उतरवावा लागतो, मगच पिवळा दिसतो. केसांचंही तसंच. काळ्या केसावर कुठलीही जडीबुटी चढवा, तो सोनेरी होत नाही. फार तर उन्हात धरल्यावर जराशी झाक दिसेल. आणि काळी मेंदी म्हणजे बहुतेक वेळा मेंदीच्या नावाखाली विकलेला रासायनिक रंगच. त्याच्यावर दुसरा फिकट रंग लावून तो फिका होत नाही. म्हणजे 'सगळं सोनेरी' आणि 'नो ब्लीच' या दोन गोष्टी माझ्या डोक्यावर एकत्र नांदणं शक्यच नव्हतं. पण मला तेव्हा हे कुठं माहीत?

दर ठरला साडेचार हजार. दोन हजार आगाऊ, तेही बाईंच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर. "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल काकू," असं म्हणाल्या, आणि जन्मभर दुसऱ्यांची व्हाउचरं उलटीसुलटी करून तपासणारी मी म्हणाले, राहू दे.

ठरलेल्या दिवशी एका पोरीनं बेसिनखालून पांढरा प्लॅस्टिकचा डबा काढला. मूळ लेबल खरवडलेलं, वर चिकटपट्टी आणि पेनानं लिहिलेलं 'हर्बल गोल्ड'. आतली भुकटी फिकट निळी. मी विचारलं, "निळी कशी गं?" ती म्हणाली, "इंडिगोची पानं असतात त्यात." इंडिगोची भुकटी हिरवट असते हे मला माहीत होतं, पण म्हटलं असेल काहीतरी. मग तिनं त्यात एका बाटलीतलं साईसारखं पांढरं द्रव ओतलं. बाटलीच्या गळ्याशी १२% छापलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बारा टक्के दिसले की बँकेतल्या माणसाच्या डोक्यात व्याज येतं. तो आकडा कशाचा, हे विचारायचं काही सुचलं नाही.

तो होता केसाचा रंग उतरवणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा. ही द्रवं ३, ६, ९ आणि १२ टक्क्यांची मिळतात. पार्लरच्या बोलीत १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम. १२ टक्के म्हणजे त्यातलं सगळ्यात जहाल. आणि निळी भुकटी म्हणजे ब्लीच पावडर, ज्यात परसल्फेटचे क्षार असतात. निळा रंग त्यात मुद्दाम घालतात, उतरलेल्या केसांचा पिवळेपणा थोडा मारायला. हे सगळं मला नंतर कळलं.

लेप लावल्यावर दहाएक मिनिटांत डोळ्यांना पाणी आलं. वास रेल्वेच्या पुलाखाली येतो तो. नो अमोनिया! मानेपाशी आधी चुरचुरलं, मग मिरची वाटल्यावर हात भाजतात तसं भाजायला लागलं. मी सांगितलं तर पोरीनं वर चांदीचा कागद गुंडाळला आणि पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाली, "काकू, जडीबुटी काम करतेय, थोडं होणारच." जडीबुटीवर कागद धरून बघितलं तर गरम लागत होता. पन्नास मिनिटं बसवलं मला तसं.

धुतल्यावर जे निघालं ते सांगते. पुढचे पांढरे केस कोरड्या गवतासारखे आणि फिकट पिवळे. मानेवरचे शेंदरी. आणि खालची चार बोटं, जिथं काळी मेंदी होती, ती विटेच्या रंगाची, तीही पट्ट्यापट्ट्यांनी. ओला केस बोटात धरून ओढला तर रबरासारखा लांब झाला, परत आखडलाच नाही आणि तुटला. मालकीणबाई आल्या, बघितलं, आणि चेहऱ्यावरची माशीही न हलवता म्हणाल्या, "छान लिफ्ट आलीय. आता टोनर लावावा लागेल, अठराशे. आणि केस नाजूक झालेत तर प्रोटीनचं करून घ्या, बत्तीसशे."

अर्धवट शेंदरी डोकं घेऊन माणूस कुठं जाणार? केलं. लिफ्ट म्हणजे केसाचा रंग उतरणं, आणि टोनर म्हणजे उतरलेल्या केसाची झाक बदलायचा हलका रंग. त्यानं शेंदरीचं मातकट झालं, एवढंच. साडेचार, अठराशे, बत्तीसशे, एकूण साडेनऊ हजार. दोन हजार आधी दिलेले, बाकी साडेसात रोख मोजून दिले. मोजताना माझा हात थरथरत होता, तरी नोटा मात्र बरोबर लावून दिल्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे. सवय.

घरी यांनी दार उघडलं आणि पहिल्यांदाच 'बरे आहेत' म्हणाले नाहीत. मुलीला व्हिडिओ कॉल केला तर ती अर्धा मिनिट बोललीच नाही. मानेवर दुसऱ्या दिवशी पाणी भरलेले फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी रसायनानं भाजल्याचं कागदावर लिहून दिलं. पुढं तेवढाच कागद कामाला आला.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींची भाची मालिकांच्या सेटवर केस करते. तिनं माझी एक तुटकी बट उजेडात धरली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगितलं. माझ्या पुढच्या केसांना ब्लीचची अजिबात गरज नव्हती. मालकीणबाई म्हणत होत्या ते तिथपर्यंत बरोबर. मागचे काळे उतरवायला ब्लीच लागणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि दोन वाडग्यांचं काम नको म्हणून सगळ्या डोक्यावर एकच थापलं. प्रामाणिक माणसानं काय केलं असतं? खालची चार बोटं कापून टाका म्हटलं असतं, मानेवरचे काळे तसेच राहतील, हवं तर पुढचे रंगवते म्हटलं असतं. ते काम हजार-दीड हजाराचं. साडेनऊचं नाही.

तिच्याकडून जे शिकले ते इथं लिहिते, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणी सध्या काळं करणं सोडून याच वाटेनं निघाल्यात. रंगाच्या खोक्यावरचा पहिला आकडा फिकटपणाचा. १ म्हणजे काळा, ८-९-१० म्हणजे फिकट सोनेरी. त्यापुढचा आकडा छटेचा, बहुतेक कंपन्यांत ३ म्हणजे सोनेरी. पांढऱ्या केसावर निव्वळ सोनेरी लावला तर हळदीत बुडवल्यासारखा दिसतो, म्हणून त्यात तेवढ्याच फिकटपणाचा, वेगळी छटा नसलेला साधा रंग मिसळतात. पांढरा केस गुळगुळीत आणि हट्टी असतो, रंग लवकर धरत नाही, तेव्हा वेळ पूर्ण द्यायची. पेरॉक्साइडशिवायचा तात्पुरता रंगही मिळतो. तो काही धुण्यांत उतरतो, पण नाही आवडला तर तेच बरं की! आधी मानेमागची एक बट रंगवून बघायची. आणि कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायचं, कारण कायमच्या रंगांमधल्या पीपीडी वगैरे द्रव्यांची ॲलर्जी वर्षानुवर्षं काळी मेंदी लावणाऱ्यांनासुद्धा अचानक उठते.

खरंच वनस्पतीचं हवं असेल तर कॅसिया ओबोव्हाटा नावाच्या पानांची भुकटी असते, सोनामुखीच्या जातकुळीतली. पांढऱ्या केसाला तिनं गवती पिवळसर सोनेरी झाक येते, काळ्यावर काही दिसत नाही. साध्या मेंदीनं पांढरा केस नारिंगी होतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीतली डोकी आठवली तरी कळेल. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. यातलं काहीही चांदीच्या कागदाखाली तापत नाही, डोळ्यांना झोंबत नाही आणि कातडी भाजत नाही. झोंबलं की ते जडीबुटी नव्हे, उठायचं आणि डोकं धुवायला लावायचं. लग्नाची, पैशांची, समोरच्या पोरीला वाईट वाटेल याची पर्वा करायची नाही. मी शेवटच्या कारणासाठी बसून राहिले, हे लिहितानाही लाज वाटते.

आणि 'नो अमोनिया' या दोन शब्दांवर जाऊ नका. अमोनियाऐवजी त्याचंच काम करणारं दुसरं द्रव्य घालून रंग बनतात, पेरॉक्साइड त्यातही असतंच. मुळात डब्यात काय आहे हे फलकावर वाचायचं नसतं, डब्यावर वाचायचं असतं. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच, परवाना क्रमांक हे सगळं छापलेलं लागतं. चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं औषध आपण घेतो का?

तक्रारीचं सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही काळी मेंदीचं सांगितलं नव्हतं काकू, त्यामुळे झालं." मी सांगितलं होतं. पुरावा? काही नाही. दुसऱ्यांदा गेले तर तो डबा बेसिनखाली नव्हता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि कागदपत्रं विचारली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं. पण बिल नाही, डब्याचा फोटो नाही, आधीच्या केसांचा धड फोटो नाही. दिल्लीत एका बड्या हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती, आपण सगळ्यांनी तोंडात बोट घालून वाचलेली बातमी. पुढं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आकडा रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण एवढ्या रकमेला पुरावा दिसत नव्हता. दोन कोटींचं राहू दे, मला साडेसात हजारांचाही दाखवता येत नव्हता.

शेवटी डॉक्टरांचा कागद आणि मोबाइलवरच्या दोन हजारांच्या नोंदीची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टानं पत्र टाकलं. आठव्या दिवशी दोन हजार परत आले, त्याच नंबरवरून, सोबत हात जोडल्याचं चित्र. जेवढ्याची नोंद होती तेवढे आले. रोख दिलेले गेले ते गेले.

केस बॉयकट करून टाकले. आता वाढून कानाखाली आलेत, सगळे पांढरे, मानेवरचे थोडे काळे. वहिनींच्या त्या भाचीनं मागच्या महिन्यात घरीच अर्ध्या तासात पुढच्या बटांना फिकट सोनेरी चढवलं. रंग दीडशे रुपयांचा, आणि वर तिनं चहा पण केला.

परवा लग्नाचा अल्बम आला. प्रत्येक फोटोत मी डोक्यावरून पदर घेऊन उभी आहे. सुनेच्या माहेरची मंडळी अजून माझ्या बहिणीला विचारतात म्हणे, "तुमच्या ताई फार जुन्या वळणाच्या आहेत का हो?"