कॅनालमध्ये काही उरलंय का? लॅबचं कल्चर की खुर्चीशेजारचं एटीपी मीटर

रूट कॅनाल (दाताच्या मुळातली नळी) कोरडा, वास नाही, ठणका नाही, सायनस (हिरडीवरचं पू वाहणारं छिद्र) बुजलेला. एवढ्यावर आपण ऑब्चुरेशन करतो, म्हणजे कॅनाल कायमचा भरून बंद करतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं. पण स्वीडनच्या उमेओमधल्या शोग्रेन आणि सहकाऱ्यांचे १९९७ चे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. मुळाशी लीजन (जंतुसंसर्गाने हाडाला झालेली इजा) असलेले दात त्यांनी एकाच सिटिंगमध्ये भरले आणि पाच वर्षांपर्यंत पाहिले. भरताना कल्चर (सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह असलेल्यांपैकी ९४ टक्के पूर्ण बरे झाले; पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ६८ टक्के. भरण्याआधी तपासावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. राहिलं ते एवढंच, की तपासायचं कशाने. तीनेक वर्षं मी कल्चर पाठवत होतो, गेली दोन वर्षं एटीपी (जिवंत पेशीतलं ऊर्जा देणारं रसायन) मोजणारं मीटर वापरतोय.

कल्चरचा मान मोठा आहे. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दबतो, हे तेच सांगतं. दोनदा उघडूनही पू थांबत नाही, सूज पसरतेय, अँटिबायोटिक निवडायचं आहे, अशा वेळी मी आजही कल्चरच पाठवीन. रिपोर्टला उशीर लागतो ही तक्रार मी धरत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून तेवढे दिवस आपण थांबतोच.

माझं मन उडालं ते ‘नो ग्रोथ’ या दोन शब्दांवरून. नेक्रोटिक कॅनालमधले (जिथला पल्प, म्हणजे आतली नस, मेलेली असते) बहुतेक जंतू ॲनारोबिक, म्हणजे हवा न सोसणारे. सॅम्पल टिपणारा कागदी पेपर पॉइंट बाहेर काढून मीडियमच्या बाटलीत टाकेपर्यंतचे क्षणही त्यांना जड जातात. आमच्या तालुक्याच्या गावातून सॅम्पल संध्याकाळच्या गाडीने जिल्ह्याला जायचं आणि सकाळी लॅब उघडेपर्यंत तसंच पडून राहायचं. एकामागून एक ‘नो ग्रोथ’ येऊ लागले तेव्हा मला समाधान वाटलं. मग एका खालच्या मोलरमध्ये ॲक्सेस करताक्षणी (दात वरून उघडताच) पू वर आला. फाइल (कॅनाल घासायची सुई) लावण्याआधी, हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाचा थेंबही न सोडता मी सॅम्पल घेतलं आणि पाठवलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: नो ग्रोथ.

पू मी डोळ्यांनी पाहिला होता. लॅबने काम नीटच केलं असेल, त्यांच्या हाती पोचेपर्यंत जंतूच मेलेले असणार. पण मग आधीच्या सगळ्या ‘नो ग्रोथ’चा अर्थ काय लावायचा? त्या भरवशावर मी दात बंद केले होते. त्यातल्या जमतील तेवढ्या पेशंटना मी परत बोलावून एक्स-रे काढले. ते दिवस मला अजून आठवतात. शिवाय एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखे हवेतही तगणारे जंतू हा प्रवास सोसतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये कधी नाव आलंच, तरी दाताचं नुकसान करणारा तोच असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

एटीपी मीटरमध्ये काजव्याचं लुसिफरेज हे एन्झाइम कामाला येतं. जिवंत पेशीतल्या एटीपीशी लुसिफरेजची गाठ पडली की उजेड पडतो, मीटर तो मोजतं, आणि मिनिटाभरात आकडा समोर. मी दोन रीडिंग घेतो: एक ॲक्सेसनंतर लगेच, दुसरं भरण्याआधी. माझ्यासाठी सगळं या पहिल्या रीडिंगमध्ये आहे. सडलेल्या कॅनालमध्ये तेच कमी आलं, तर सॅम्पल चुकलंय हे पेशंट खुर्चीत असतानाच कळतं. कल्चरने मला हे कळायला काही महिने घेतले.

दोष याच्यातही आहेत. रक्तातल्या आणि पल्पच्या पेशींतही एटीपी असतं, त्यामुळे एपेक्सकडून (मुळाच्या टोकाकडून) रक्त आलं तर आकडा फुगतो; व्हायटल (पल्प जिवंत असलेल्या) केसमध्ये मी मीटर काढतच नाही. माझे स्वॅब फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावे लागतात. एका कंपनीच्या मीटरचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून त्याच दाताचं आधीचं आणि नंतरचं एवढंच ताडून पाहायचं. हायपोक्लोराइट थायोसल्फेटने आधी निष्प्रभ करायला हवं, नाहीतर खोटा शून्य मिळतो. अर्थात हे पथ्य कल्चरलाही आहेच.

पेपर पॉइंट जातो मुख्य कॅनालमध्ये. मायक्रो-सीटीवर (सूक्ष्म एक्स-रे स्कॅनवर) पाहिलं तर फाइलने न शिवलेल्या भिंतीच ३५ टक्क्यांहून अधिक निघतात. इस्थमस (कॅनालांमधले अरुंद जोड) आणि ट्यूब्यूल (भिंतीतल्या सूक्ष्म नळ्या) तर दूरच. तिथलं काही कल्चर आणि मीटर या दोहोंपैकी एकालाही दिसत नाही. पीसीआर या डीएनए तपासणीने वेगळाच पेच पडतो, मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती मोजते. फ्लुओरोसन्सने कॅनालच्या आतच जंतू शोधायच्या तंत्रावर लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये काम झालं आहे. मी ते हाताळलेलं नाही, म्हणून तुलनेत घेतलं नाही.

लॅब तुमच्या कॉलेजच्याच आवारात असेल आणि सॅम्पल तासाभरात पोचत असेल, तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. गावात एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याने मात्र मीटरचा विचार जरूर करावा, असं मला वाटतं.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आठवड्याऐवजी वीस दिवसांनी आल्या. दुखत नव्हतं, कॅनाल कोरडा होता, आणि ‘आज बंद करून टाका, परत यायला गाडी मिळत नाही’ असं त्या म्हणत होत्या. मी भरायच्याच बेतात होतो. मीटरने गेल्या खेपेच्या चौपट आकडा दाखवला. नीट पाहिलं तर टेंपररी फिलिंगची मागची कड तुटलेली होती. पुन्हा धुतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं, वर ग्लास आयनोमर लावला आणि त्यांच्या मुलाला फोन करून पुढच्या सोमवारची गाडी ठरवली.