स्टोरीवीव्हर : दीड वर्ष वर्गात वापरून मग लिहितोय

मी मेळघाटातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, पहिली-दुसरी माझ्याकडे. सगळी मुलं कोरकू. ज्यांनी कधी अशा शाळेत शिकवलं नाही त्यांना एवढंच सांगतो की कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली-मुंडारीची बहीण, 2011 च्या जनगणनेत 7 लाखांच्या वर लोकांनी हीच मातृभाषा सांगितली होती. पाण्याला डा म्हणतात, वाघाला कुला. म्हणजे पहिलीत येणारं मूल पाठ्यपुस्तक उघडतं तेव्हा त्याला फक्त अक्षरं नवीन नसतात, अख्खी भाषाच नवीन असते, आणि आपण म्हणतो याला वाचता येत नाही.

तर स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचा हा ऑनलाइन उपक्रम 2015 पासून सुरू आहे, मुलांच्या गोष्टींची पुस्तकं, चित्रांसकट, फुकट. भाषा 300 च्या वर आहेत, मराठी भरपूर आहे आणि कोरकूसुद्धा आहे, हे मला आमच्या शिक्षण परिषदेत एका मॅडमनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर खरंच होती, देवनागरीत लिहिलेली.

सगळ्यात आधी मला आवडल्या त्या पातळ्या. चार आहेत, पहिल्या पातळीत पानावर एखादं-दुसरं वाक्य आणि तेच तेच शब्द परत येतात, चौथ्या पातळीत मोठ्या गोष्टी. इयत्ता आणि पातळी यांचा संबंध जोडू नका हे माझं ठाम मत आहे, आमच्या शाळेत चौथीतल्या मुलांनीही पहिल्या पातळीपासूनच सुरुवात केली आणि त्यात कोणालाच लाज वाटली नाही कारण पुस्तक बारकं असलं तरी गोष्ट बारकी नसते.

आता नेटचं. आमच्या गावात रेंज नाही, टेकडीवर गेलं तर एखादी काडी येते. त्यामुळे मी शनिवारी परतवाड्याला गेलो की अकाउंटवर लॉगइन करून पीडीएफ उतरवून घेतो, एका वेळी आठ-दहा. मग झेरॉक्स. बारा पानांचं पुस्तक बुकलेट करून छापलं तर तीन ए-फोर कागदात, पाठपोट, बसतं, आमच्याकडे एका बाजूचे 2 रुपये घेतात म्हणजे 12 रुपयांत एक पुस्तक, मधोमध घडी घालून दोन पिना मारल्या की झालं. रंगीत परवडत नाही. पण काळ्या-पांढऱ्यात काढायचं असेल तर ज्यांची चित्रं रेघांची आहेत आणि मागची जागा पांढरी आहे अशीच पुस्तकं निवडा, रात्रीचं जंगल वगैरे असलं की झेरॉक्समध्ये नुसता काळा ठोकळा येतो. रेघांच्या चित्रांचा दुसरा फायदा म्हणजे मुलं स्वतः रंगवतात, आणि रंगवलेलं पुस्तक मग त्यांचं होतं, ते फाटू देत नाहीत.

छापण्याची परवानगी कोणाची घ्यायची असं मला दोन-तीन शिक्षकांनी विचारलं. परवानगी आधीच दिलेली आहे, सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर आहे, छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव द्यायचं. पीडीएफच्या शेवटी ते नावांचं पान येतं, कागद वाचवायला ते कापू नका. माझी मुलं ते पान वाचतात आणि विचारतात, सर, हे चित्र काढणारे कुठं राहतात?

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते भाषांतरासाठी. कुठलीही गोष्ट उघडून आपण तिचं भाषांतर करू शकतो, मूळ वाक्य समोर दिसतं आणि शेजारी आपलं लिहायचं, चित्र तेच राहतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात मी तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन एक मराठी गोष्ट कोरकूत करायला घेतली. पहिल्यांदा कागदावर. पाच-सहा वाक्यांची गोष्ट, वाटलं तासाभरात होईल, चार दिवस लागले. कारण एका शब्दावरून भांडण झालं, अर्धी मुलं म्हणाली आमच्या ढाण्यात (म्हणजे वस्तीत) असं म्हणतात, बाकीची म्हणाली असं कोणीच म्हणत नाही, शेवटी कागद घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तीन आज्यांची तीन मतं घेऊन परत आला. एक आजी तर स्वतःच शाळेत आल्या. पालकसभेला दोन वर्षांत कधी न आलेल्या, व्हरांड्यात बसून मुलांकडून वाक्य वाक्य वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मला कोरकू मोडकीतोडकीच येते, त्या चार दिवसांत मी विद्यार्थी होतो आणि मुलं गुरुजी.

दुसरीतली एक मुलगी आहे, वर्गात सहा महिने तोंड उघडलं नव्हतं. तिच्या हातात या कोरकू गोष्टीचं बुकलेट दिलं, तिनं कुला या शब्दावर बोट ठेवलं, थांबली, परत वाचला आणि मग शेजारणीला ढोसून दाखवला. त्यानंतर ती मराठी पुस्तकंही मागायला लागली. याचं श्रेय मी ॲपला वगैरे देत नाही, पण छापलेल्या कागदावर आपल्या घरातला शब्द असू शकतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ते माझ्या पाठ्यपुस्तकात मला दाखवता आलं नव्हतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय, 2021 पासून केंद्राचं निपुण भारत अभियान आहे, तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे, सगळं बरोबर आहे. पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर हातात काय घ्यायचं, हा प्रश्न माझ्यापुरता इथे सुटला.

एक सावधगिरी. भाषांतर कोणीही करू शकतं म्हटल्यावर सगळं एकसारखं असणार नाही हे उघड आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा, जीभ अडखळली तर मुलांचीही अडखळणार. मी सरळ त्या वाक्यावर पेनानं दुरुस्ती करून मग झेरॉक्स काढतो. आणि मोबाईल मुलांच्या हातात देऊन वाचायला लावू नका, एका मोबाईलभोवती वीस डोकी, वाचतं कोणीच नाही. कागदच बरा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नंदुरबार, गडचिरोली, पालघरकडचे कोणी शिक्षक पावरी, गोंडी, वारलीत असं काही करत असतील तर नक्की लिहा, विशेषतः एकाच शब्दाची गावोगाव वेगळी रूपं असतील तर तुम्ही छापताना कुठलं घेता. आम्ही सध्या शाळेत आलेल्या आजींचं घेतलंय आणि बाकीची दोन रूपं मुलांनी शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलीत.