शाळेची ‘ऊष्मा’ प्रयोगपेटी: पेले उत्तम, चुना मेलेला, कार्ड चुकलेलं

पेटीत −१० ते ११० अंशांचा थर्मामीटर, झाकणाचे दोन थर्माकोल पेले, नवसागर, कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या, कळीचा चुना, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सूचनांचं कार्ड येतं.

पैसे वसूल होतात ते पेल्यांवर. काचेचं चंचुपात्र स्वतःच ऊष्मा खातं आणि तापमानातला बदल कमी दिसतो. पेल्यात १०० मिली पाणी घेऊन १० ग्रॅम नवसागर ढवळला, की तापमान ५-६ अंश उतरतं. आपल्याकडे एप्रिलात वर्गच ४० अंशांवर असतो, म्हणून झाकण लावा आणि सगळ्यात खालचा आकडा लगेच टिपा. रेंगाळलात तर पारा परत चढतो. नवसागर संपला तर २० ग्रॅम युरिया चालतो, ८-९ अंश सहज उतरतात. घरी फवारणीच्या ड्रममध्ये युरिया कालवणाऱ्या पोरांना हा गारवा ओळखीचाच असतो.

चुना मात्र भुकटी होऊनच हाती पडतो. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून बसलेला. पाणी घातलं तरी ढिम्म. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्ट्या आहेत, तिथला ताजा खडा हवाबंद डब्यात आणा. सुपारीएवढ्या खड्यावर चमच्याने पाणी सोडलं, की तो तडकतो, फुलतो आणि वाफ निघते.

खरी तक्रार कार्डाबद्दल. ‘बंध तुटल्यावर ऊर्जा बाहेर पडते’ असं त्यात छापलंय. उलट आहे: अणूंमधले बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ती सुटते. सुटलेली जास्त भरली तर अभिक्रिया ऊष्मादायी, कमी पडली तर ऊष्माग्राही. उदासिनीकरणासाठी (आम्ल आणि अल्क मिसळून मीठ-पाणी होणं) कॉस्टिकच्या गोळ्या थेट आम्लात टाकायला सांगितल्यात, तेही चूक. विरघळण्याची ऊष्मा (मोलला, म्हणजे ४० ग्रॅम कॉस्टिकमागे, सुमारे ४४ किलोज्यूल) आणि उदासिनीकरणाची (सुमारे ५७) एकत्र मोजली जाते, शिवाय आम्ल उसळून अंगावर येतं. आधी ४ ग्रॅम गोळ्या पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा, पूर्ण निवू द्या. मग त्यातलं ५० मिली आणि १ मोलर (लिटरला एक मोल) आम्ल ५० मिली एकत्र करा. वाढ ६ अंशांच्या पुढे दिसली पाहिजे. विहिरीच्या जड पाण्यात कॉस्टिक घातलं की पांढरा गढूळपणा येतो, म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. पावसाळ्यात गोळ्यांना पाणी सुटतं, वजन फसवं निघतं.

डोळ्यांचे चष्मे आणि हातमोजे पेटीत नाहीत, आणि एवढ्या कंजुषीला माफी नाही. ते वेगळे मागवा, मगच गोळ्यांची बाटली उघडा.