नॅस दोन डिस्कचा घ्यावा का चार डिस्कचा? डेटा परत काढायची वेळ आली तर काय, ते आधी बघा

नाशिकला अंबडच्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज असोत नाहीतर लग्नांचे व्हिडिओ, नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला फायली ठेवायचा डिस्कचा डबा, घ्यायचा म्हटलं की सगळे आधी किती टीबी मिळेल तेच विचारतात. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ ला लावल्या तर १२ टीबी हातात येतं, त्याच दोन रेड १ ला लावल्या तर फक्त ४. आकडा बघून माणूस चारवाल्याकडे झुकणारच.

पण रेड ५ मध्ये एक डिस्क गेली आणि नवीन टाकली की उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, तासन्‌तास चालतं ते, आणि त्या तिन्ही बहुतेक एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, म्हणजे सारख्याच झिजलेल्या, मध्येच दुसरी बसली की संपलं. प्रत्येक फाइल तुकड्यातुकड्यात सगळीकडे पसरलेली असते, एकटी डिस्क काढून काही दिसत नाही. मग रिकव्हरीवाला डिस्कचा क्रम, ब्लॉकची साइज जुळवत बसणार आणि बिलही तसंच लावणार. डिस्क घेताना सीएमआरच घ्या, एसएमआर नको (त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, पुन्हा लिहायला हळू), २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या 'Red' नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि रिबिल्डला, म्हणजे नवीन डिस्क भरताना, लोकांचे जाम हाल झाले.

रेड १ मध्ये दोन्हीकडे सेम कॉपी. साधे नॅस बहुतेक आतून लिनक्सच असतात, त्यामुळे डबा जळला तरी एक डिस्क लिनक्सच्या पीसीला लावून फायली काढता येतात, एन्क्रिप्शन नसेल तर. ८ टीबी पुरत असेल तर मी डोळे झाकून ८-८ च्या दोन घेईन. जास्त लागत असेल तर मोठ्या डिस्क घेऊन रेड ६, त्यात दोन गेल्या तरी चालतं.

आता हे कुठलंच रेड म्हणजे बॅकअप नाही हो. चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फायली पासवर्ड लावून सेव्हन-झिपमध्ये कोंडल्या, तिथे रेड काय करणार? स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या वेळची जपलेली अवस्था, चालू ठेवा आणि एक कॉपी बाहेर. सराफ बाजारात दुकान असेल तर ती कॉपी त्याच गल्लीत नको, २०१९ च्या पुरात गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा बाजारात पाणी होतंच की, इंदिरानगरला घरी ठेवा.

दोन डिस्क गेल्याच तर नॅस बंद करा, स्क्रीनवर इनिशिअलाइज (डिस्क पुसून नव्याने तयार करणं) विचारलं तर अजिबात दाबू नका, प्रत्येक डिस्कवर मार्करने स्लॉट नंबर लिहा, मगच बाहेर काढा. टकटक आवाज येत असेल तर पुन्हा चालू करून बघायचं नाही, सरळ लॅबला.

आणि यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा, नुसता प्लग लावून भागत नाही, बॅटरी संपत आली हे नॅसला कळलं तरच तो स्वतः नीट बंद होतो, रेड ५ वाल्यांनी तर हे करायचंच कारण लिहिता लिहिता लाइट गेली की पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत बांधायचा हिशोब, बिघडू शकते.