एल्वा नदी, ग्लाइन्स कॅनियन ओव्हरलुक : 5 पैकी 5

सिॲटलला मुलांकडे आलेल्या आईबाबांना सगळे स्पेस नीडल दाखवतात, पण एक अख्खा दिवस काढून इथे न्याच. ऑलिंपिक नॅशनल पार्कातलं 210 फुटी ग्लाइन्स कॅनियन धरण आणि त्याच्या खालचं एल्वा धरण, दोन्ही 2011 ते 2014 मधे टप्प्याटप्प्याने पाडली, आणि वरच्या धरणाच्या सांडव्याचा जो भाग ठेवलाय त्यावर आपण चक्क उभं राहू शकतो. एका बाजूला दरीत नदी मोकळी धावतेय, दुसऱ्या बाजूला जिथे तलाव होता तिथे आता आल्डर आणि विलोची कोवळी झाडी.

खालचं धरण 1913 चं, त्यात माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती, म्हणजे शंभर वर्षं सामन मासा समुद्रातून यायचा आणि शेवटच्या आठेक किलोमीटरमधेच अडायचा. लोअर एल्वा क्लालम या इथल्या मूळनिवासी लोकांनी धरणं हटवण्यासाठी पिढ्यान्पिढ्या झगडा दिला आणि 2023 मधे त्यांनी या नदीत पुन्हा कोहो जातीचा सामन धरला, हे वाचून खरंच भरून येतं. दोन कोटी घनमीटरहून जास्त गाळ अडकला होता, त्यातला बराचसा वाहून गेला आणि मुखाशी नवा किनाराच तयार झाला!

माहितीफलक निवांत वाचा. गाडी वरपर्यंत जात नाही, रस्ता नदीनेच तोडलाय, मॅडिसन फॉल्सच्या पार्किंगपासून पाच-सहा किलोमीटर चालत नाहीतर सायकलने, त्यामुळे गुडघेदुखी असेल तर आधी विचार करा. पाणी, खाऊ आणि रेनकोट हवाच.