विजेच्या वायरी जोडायला स्क्रूचा कनेक्टर की लिव्हरचा?

कोणताही घ्या, आधी मेन स्विच बंद. टेस्टरच्या दिव्यावर भरवसा नको, मल्टिमीटरने खात्री करा.

स्क्रूचा कनेक्टर स्वस्त आणि सहज मिळणारा, पण सगळी मदार कसणाऱ्या हातावर. सैल राहिला तर सांध्याचा रोध वाढतो, तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळू लागतं. जास्त पिळला तर मल्टिस्ट्रँड वायरच्या बारीक तारा तुटतात, म्हणून अशा वायरच्या टोकाला आधी फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवावं. काही जण त्याऐवजी सोल्डर लावतात. ती सवय सोडाच! सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि घट्ट कसलेला स्क्रू कालांतराने ढिला पडतो.

लिव्हरच्या कनेक्टरमध्ये दाब स्प्रिंग देते, त्यामुळे हाताच्या अंदाजाचा प्रश्न येत नाही. कनेक्टरवरच्या खुणेएवढं इन्सुलेशन सोलायचं (अनेकांत 11 मिमी), तार तळाला टेकवायची, लिव्हर पाडायचा आणि वायर ओढून पाहायची. पारदर्शक असेल तर तार आत पोचली का तेही दिसतं. महाग पडतो, हे खरं. तरी छतातल्या, पुन्हा हात न पोचणाऱ्या बॉक्ससाठी मी हाच निवडेन.

गीझरसारख्या जड लोडला दोन्हींवरचा अँपिअरचा आकडा आणि वायरची जाडी आधी तपासा. तांब्याला ॲल्युमिनियम जोडायचं असेल, तर खास त्यासाठी बनवलेला कनेक्टरच लागतो.