वाळूच्या पोटदुखीवर इसबगोल: सुटी भुसी घ्यावी की तयार गोळ्या?

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात पर्यटकांना फिरवणारे घोडे दिवसाचा बराच वेळ वाळूतच उभे असतात, आणि जमिनीवर टाकलेला चारा वेचताना त्यांच्या पोटात वाळू जाते. ही वाळू जड असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात आणि वळणांवर साचते. तेथील अस्तराला ती सतत घासत राहते, त्यामुळे लीद पातळ होते, घोडा खंगतो आणि कधी आतडे तुंबून तीव्र पोटशूळ उठतो. त्यावर उपाय म्हणून इसबगोल सर्वत्र सुचवला जातो. मी घोड्यांना सुटी भुसी आणि खास घोड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, दोन्ही देऊन पाहिल्या आहेत.

माझे मत सुट्या भुसीच्या बाजूचे आहे. गुजरातेतील उंझा ही इसबगोलाची मोठी बाजारपेठ असून माल ८५, ९५, ९८ आणि ९९ टक्के शुद्धतेच्या प्रतींत विकला जातो. घोड्यासाठी ९५ टक्क्यांची प्रत पुरेशी आहे. औषधाच्या दुकानातील माणसांसाठीची खोकी घेत बसलात तर खिसा रिकामा होईल, कारण मात्रा मोठी असते. प्रत्येक किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ४०० ग्रॅम. महिन्यातून सलग सात दिवस देण्याची पद्धत रूढ आहे. रोज दिल्यास आतड्यातील जिवाणू भुसी पचवू लागतात आणि तिचा उपयोग कमी होतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. त्या हिशेबाने महिन्याला २.८ किलो भुसी लागते.

खरी अडचण खाऊ घालण्याची आहे. भुसी ओली झाली की काही मिनिटांतच तिचा चिकट लगदा होतो आणि घोडा तोंड फिरवतो. कोरडी दिली तर ती नाकात उडते. आधी चंदीला (घोड्याच्या धान्याच्या खुराकाला) थोडे तेल चोळून, वर भुसी भुरभुरवून तोबरा (तोंडाला बांधायची खुराकाची पिशवी) लगेच चढवला तर बहुतेक घोडे ती मुकाट्याने खातात. गोळ्यांचा एकमेव फायदा येथेच दिसतो, कारण त्या चटकन खाल्ल्या जातात. परंतु मी घेतलेल्या गोळ्यांच्या पिशवीवर इसबगोलाचे प्रमाण छापलेलेच नव्हते, मग मात्रा ठरवायची कशी?

इसबगोलाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. नुसत्या इसबगोलाने वाळू लवकर बाहेर पडते की नाही, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. साचलेल्या वाळूवर पशुवैद्य नाकातील नळीवाटे इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट (एक रेचक क्षार) एकत्र देतात, आणि फिनलंडमधील २०१४ च्या अभ्यासात हे मिश्रण दोन्ही द्रव्ये वेगवेगळी देण्यापेक्षा सरस ठरले. हे काम घरी करण्याचे नव्हे. घोडा लोळत असेल, पोटाकडे वळून पाहत असेल, लीद बंद झाली असेल, तर तोबरा बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा.

त्याहून महत्त्वाचा आणि स्वस्त उपाय गवताचा आहे. पोटात भरपूर सुका चारा असला की वाळू त्याच्याबरोबर पुढे सरकते. शिवाय भुकेला घोडाच वाळू चाटत बसतो. चारा गव्हाणीत घालावा, खाली रबरी चटई टाकावी, म्हणजे सांडलेले वेचतानाही वाळू तोंडात जात नाही. भुसीवर दरमहा खर्च करून चारा वाळूतच टाकणारे मालक पाहिले की मला राहवत नाही.

उपयोग होतो आहे का, हे पाहायला लिदीचे पाच-सहा गोळे प्लास्टिकच्या हातमोज्यात घालून, पाणी ओतून, बोटे खाली करून टांगावेत. वाळू असेल तर ती बोटांत उतरते. बोटे स्वच्छ राहिली म्हणून पोटही स्वच्छ आहे असे समजू नये, कारण वाळू आत साचूनही कधी कधी लिदीत उतरत नाही, आणि तशी शंका असेल तर पोटाचा एक्स-रे काढून घ्यावा.

सुट्या भुसीला पाचपैकी चार, गोळ्यांना दोन.